गप्पी मासे आणि गुलाबी बोंडअळी

परवा रविवारी सकाळी माटुंग्यात एका दुकानात रांगेत उभी होते. हल्ली निघालीत ना तसलं दुकान. तागाच्या पिशव्या, काळ्या पाटीवर खडूने लिहिलेले भाव आणि प्रत्येक भावापुढे 'ऑरगॅनिक'. भरताची वांगी घ्यायची होती. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे मिळतात त्याच्या तिप्पट भाव. माझ्यापुढे एक बाई वांगं उलटंसुलटं करून बघत शेजारणीला सांगत होत्या, "या शेतकऱ्यांना ना, काही कळतच नाही. नुसतं विष मारत सुटतात. आपले दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मुलांच्या पोटात ते जायला नको." शेजारणीने मान डोलावली. दुकानदारानेही डोलावली.

मी गप्प बसले. वांगी घेतली, पैसे दिले, घरी येऊन भरीत केलं (छान झालं होतं) आणि मग दुपारभर मला स्वतःचाच राग येत राहिला. तेव्हा बोलले नाही ते आता लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते. नातेवाईक मंडळींपैकी दोघातिघांना हे झोंबेल. त्यांना फोन करून भांडायची मुभा आहे, पण रात्री नऊनंतर.

आधी आमच्या विहिरीबद्दल सांगते.

आमच्या इमारतीच्या मागे एक जुनी विहीर आहे. पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरतात. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली, तेव्हापासून बघतेय, मधूनमधून पालिकेचा माणूस येतो. आम्ही त्याला 'मलेरियावाला' म्हणतो. विहिरीत डोकावतो, डबा सोडून पाणी काढून बघतो आणि गरज वाटली तर पिशवीतून आणलेले गप्पी मासे आत सोडतो. मासे डासांच्या अळ्या खातात. मग तो गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण घट्ट आहे का बघतो, कुणाच्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं असेल तर दम देतो, वहीत लिहितो आणि निघून जातो.

या तीस वर्षांत मला एकदाही कुणी म्हटलं नाही की बाई, मलेरिया नको असेल तर तुमचे मासे तुम्ही विकत आणा. किंवा 'मलेरियामुक्त' असा शिक्का मारलेला फ्लॅट तिप्पट भावाने घ्या. कारण शेजारच्या इमारतीच्या टाकीत डास झाले तर ते माझ्याच घरात येणार, हे या शहराला फार पूर्वी कळलं. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला, त्यात दोष विहिरींवर आला. विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून तेव्हा पुष्कळ वाद झाले, धर्मभावनांचेही झाले. पण हे काम एकेका घरमालकाच्या हौसेवर सोडायचं नाही, हे ठरलं ते ठरलं.

डबक्यातला मासा डासाची अळी खातो, याला शास्त्रात जैविक कीडनियंत्रण म्हणतात. एका जिवावर दुसरा जीव सोडायचा. शेतातही हेच करता येतं आणि करतात. फरक एवढाच की शहरात ते सार्वजनिक काम आहे, आणि शेतात आपण ते शेतकऱ्याच्या खाजगी समजूतदारपणावर सोडून दिलंय. माझं सगळं भांडण या फरकाशी आहे.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आर्णी तालुका. दादा अजून शेती करतो. कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. माटुंग्याचा आणि त्या कापसाचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला अडेनवाला रोडवर फिरायला घेऊन जाते. तिथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. 'सिरकॉट' म्हणतात. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने १९२४ साली प्रयोगशाळा म्हणून सुरू केली, २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली. आपल्या माटुंगेकरांना पाच गार्डन माहीत, इडली कुठली चांगली ते माहीत, पण ही इमारत कसली, हे दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. तिथे कापसाच्या तंतूची लांबी, ताकद, तलमपणा मोजतात. म्हणजे माझ्या दादाच्या कापसाचा धागा किती मिलिमीटर, हे शास्त्रीय पद्धतीने कसं सांगायचं, ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर शंभर वर्षं ठरतंय. गिरणगाव त्याच कापसावर उभं राहिलं, कॉटन ग्रीनला स्टेशनाचं नावच कापसाचं. या शहराने कापूस घेतला तो अगदी मोजूनमापून घेतला.

आणि कापूस पिकवणाऱ्याचं?

२०१७ चा पावसाळा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. रसशोषक किडी आल्या, वर बोंडअळीची भीती. जो तो फवारत होता. दादाकडे एक सालदार आहे, माझ्याच वयाचा, आम्ही लहानपणी एकत्र बोरं वेचलेली. त्याने दोन औषधं मिसळून दिवसभर पंप चालवला. दोन औषधं मिसळा, हे दुकानातून सांगितलेलं. झाडं डोक्याएवढी, त्यामुळे फवारा खाली पडायच्या ऐवजी तोंडावर. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, रात्री म्हणाला, दिवा दोन दोन दिसून राहिला. नऊ दिवस दवाखान्यात होता. वाचला. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, हे तुम्ही तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं असेल. आमचा सालदार त्या शेकड्यांतला. त्याची नजर मात्र पहिल्यासारखी झाली नाही. सुईत दोरा आता त्याची नात ओवून देते.

त्याच आठवड्यात मी त्या तागाच्या पिशव्यांच्या दुकानात मेथी घेत होते. सेंद्रिय. म्हणून त्या वांगंवाल्या बाईंना बोलायचा मला तसा अधिकार नाही, हे कबूल करते आणि तरीही बोलते.

आता थोडं त्या अळीबद्दल, कारण तिला ओळखल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गुलाबी बोंडअळी, जुने लोक शेंदरी म्हणतात. काही कुठून बाहेरून आलेली नवी नाही. १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं, ते भडोचच्या कापसावरच्या नमुन्यांवरून. पतंग फुलांवर, पात्यांवर, कोवळ्या बोंडावर अंडी घालतो, अळी निघते आणि बघता बघता आत शिरते. फुलात शिरली तर फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की बाहेरचं भोक बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार आणि आत ती सरकी खात बसलेली. तुम्ही कितीही जहाल औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. मारणाऱ्यापर्यंत मात्र पोचतं.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच्या आधी हिरव्या बोंडअळीने काय हाल केले होते ते मी पाहिलेत. बीटीने ती हिरवी अळी आटोक्यात आणली आणि सुरुवातीची काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या. बीटीच्या नावाने सरसकट बोटं मोडणाऱ्यांत मी नाही. पण २०१० मध्ये कंपनीनेच मान्य केलं की गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं होतं, पुढे तेही हरलं, आणि २०१७ च्या डिसेंबरात दादाने बोंडं फोडली तेव्हा आत अळ्याच अळ्या.

हे का झालं? बियाण्याच्या प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या, बिगर-बीटी कापसाची. ती शेताच्या कडेने लावायची होती. त्या ओळींवर काही अळ्या सुखाने जगतात, त्यांचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी जोड्या जमवतात आणि पुढची पिढी पुन्हा बीटीने मरण्यासारखी निपजते. युक्ती मोठी सुंदर होती. दादाने ती पुडी किती वर्षं लावली? एकदाही नाही. गावात कुणीच नाही. माझ्या शहरी नातेवाइकांनी यावर "बघा, शेतकरीच तसे" म्हणायच्या आधी जरा हिशेब करा. कडेच्या ओळी अळीला खायला घालायच्या दादाने, नुकसान दादाचं, आणि त्याने बीटीचं आयुष्य जे वाढणार ते सगळ्या तालुक्यासाठी. गच्चीवरची टाकी झाकायला पालिकेचा माणूस दम देतो म्हणून आपण झाकतो. दम द्यायला कुणी आलं नसतं तर आपल्या सोसायटीत कोणी झाकली असती, सांगा बरं? आमच्या सोसायटीत तर जिन्यातला दिवा बदलायला ठराव लागतो.

सार्वजनिक काम पाकिटात घालून एकेका माणसाला विकायचं आणि त्याने ते केलं नाही की त्यालाच दोष द्यायचा. बीटीच्या बाबतीत हे झालं. आणि आता गंमत बघा, मित्रकीटकांच्या बाबतीतही नेमकं हेच चाललंय.

२०१८ ला दादाने ठरवलं, विष बंद. सालदाराकडे बघवत नव्हतं त्याला. कुठेतरी ट्रायकोकार्डाबद्दल ऐकलं होतं. ही गोष्ट खरोखर बघण्यासारखी असते. पोस्टकार्डाच्या तुकड्याएवढा कागद, त्यावर तांदळातल्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली, आणि त्या प्रत्येक अंड्यात एकेका ट्रायकोग्रामाची वाढ चालू. हा ट्रायकोग्रामा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. चावत नाही की काही नाही. कार्ड पानाखाली टाचायचं. माश्या बाहेर पडतात, बोंडअळीची अंडी शोधतात आणि त्यांत आपली अंडी घालतात. अळी जन्मायच्या आधीच संपते. जी अळी बोंडात गेल्यावर कुणाच्या बापाला सापडत नाही, तिला ती बाहेर असतानाच, अंड्यातच गाठायचं. गुलाबी अळीसाठी तिचीच एक वेगळी जात वापरतात. एकरी तीन कार्डं, म्हणजे ६० हजार, आणि असं आठवड्याच्या अंतराने दोनतीनदा.

पण ही जिवंत गोष्ट आहे. दुकानाच्या फळीवर वर्षभर राहत नाही. उन्हात ठेवली की मेली, दोन दिवस उशीर झाला की माश्या वाटेतच बाहेर. दादाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कार्डं आणली. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, दोन्ही बाजूंना गार पाण्याच्या बाटल्या, एसटीने. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो आणि सालदार पऱ्हाटीच्या पानापानाखाली स्टेपलरने कार्डाचे तुकडे टाचत फिरले. मी तेव्हा तिथे होते, कंदील काही धरला नाही पण मोबाइलचा उजेड धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला. वारा आमच्या बाजूला.

दादा धावत गेला. शेजारी काही वाईट माणूस नाही. माझ्या लग्नात पंगतीला त्यानेच वाढलं होतं. तो म्हणाला, "माहे बोंडं सडू देऊ का मंग? तुह्या माश्यांसाठी?" दादा काय बोलणार? परत आला, बांधावर बसला आणि मला म्हणाला, "अवं ताई, माहे मित्र त मेले न वं सारे." हसत म्हणाला, पण मला ते अजून ऐकू येतं. पुढच्या आठवड्यात त्यानेही पंप काढला. सालदाराला हात लावू दिला नाही, स्वतः मारलं.

आता मला सांगा, यात जैविक नियंत्रण फसलं का? शास्त्र फसलं का? हे लोक लगेच म्हणतात, "ते मित्रकीटक वगैरे प्रयोगशाळेत ठीक, शेतात चालत नाही." कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, त्याचं समजू शकते, त्याचं पोट बाटलीवर. पण चांगले शिकलेलेही म्हणतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं, दोन्ही महाराष्ट्रातली.

२००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. पानाच्या पाठीवर पांढरी लोकर, खाली चिकट थर, त्यावर काळी बुरशी; वर्षा-दोन वर्षांत पश्चिम महाराष्ट्र आणि खाली कर्नाटक. हाहाकार झाला. आधी फवारण्याही भरपूर झाल्या, पण दहा-बारा फूट उसात फवारणार कसं? मग लक्षात आलं की डिफा नावाच्या एका पतंगाची अळी हा मावा फडशा पाडून खाते, आणि मायक्रोमस नावाचा एक कीटकही. जिथे ते होते तिथून अळ्या-कोष असलेली पानं काढून दुसऱ्या फडात नेऊन ठेवायला सुरुवात झाली. ईशान्य भारतातून, जिथे हा मावा जुनाच होता, तिथून एक परोपजीवी माशीही आणून सोडली. काही वर्षांत लोकरी माव्याची दहशत संपली. हे कसं जमलं? उसाला साखर कारखाना आहे. कारखान्याला शेतकी विभाग आहे, गावागावात चिटबॉय आहे, कुणाच्या फडात काय चाललंय हे त्याला पाठ असतं. ऊस गेला तर कारखान्याचं धुराडं थंड, म्हणून सगळे हलले. सहकारी साखर कारखान्यांना नावं ठेवायला मला कोण आवडतं, घरच्यांना माहीत आहे, पण हे श्रेय त्यांच्या यंत्रणेला द्यायलाच हवं. कापसाला असा चिटबॉय कोण? व्यापारी येतो तो कापूस निघाल्यावर.

दुसरं पपईचं. २००८ च्या सुमारास पपईवरचा पिठ्या ढेकूण आधी तामिळनाडूत आणि मग पुण्याकडच्या बागांत आला. औषधं चालेनात. बंगलोरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याची शत्रू असलेली एक चिमुकली माशी आणली, तपासली, वाढवली, राज्याराज्यांत वाटली. पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. त्या माशीचं नाव कुणाला ठाऊक नाही, तिच्या पाकिटावर कुणा नटाचा फोटो नाही, तिच्यातून एक रुपया कुणाला मिळाला नाही. आणि नेमकं म्हणूनच ती कुणी विकणार नाही! एकदा सोडली की ती आपणहून वाढते, आपणहून शेजारच्या बागेत जाते. दरवर्षी पुन्हा घ्यावी लागत नाही, अशी वस्तू कुठली कंपनी बनवेल? ती सरकारनेच करायची असते. गप्पी माशांसारखी.

इथे माझ्या फीनिक्सच्या मावसभावाला उत्तर देते. त्याने मागे घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं की अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपली असं जाहीर केलं, तीही बीटी वापरून, "तुम्हाला तंत्रज्ञान वापरता येत नाही." भाऊराया, अर्धी गोष्ट सांगितलीस. तुझ्याच गावात, फीनिक्समध्ये, या अळीचे पतंग कारखान्यात वाढवून, किरणोत्साराने वांझ करून, विमानातून शेतांवर सोडत होते. रोज, लाखोंनी. मादीला वांझ नर भेटला की अंडी फुकट. हेही जैविकच की! शिवाय मीलनात गोंधळ घालणारे गंध, शिवाय अमुक तारखेच्या आत पीक नांगरून टाकायचा कायदा, आणि या सगळ्यासाठी कापूस उत्पादकांनी स्वतःवर बसवून घेतलेली वर्गणी. बीटी त्यातला एक भाग. एकेकट्या शेतकऱ्याने दुकानातून पाकीट आणून हे केलं नाही. तिथे हजारहजार एकरांचे मालक असूनही एकट्याने जमलं नाही, मग आमच्या पाच एकरवाल्या दादाने ते एकट्याने करावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करतोस?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सरकार काहीच करत नाही का? करतं. सल्ला देतं. फार उत्तम सल्ला देतं, उपहासाने म्हणत नाही. कामगंध सापळे लावा; सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की मगच औषधाचा विचार करा. निंबोळी अर्क वापरा. कापसात तूर, चवळी घ्या, कडेने झेंडू, एरंडी लावा. म्हणजे ढालकिडे, क्रायसोपा यांना घर मिळतं. कमी दिवसांचं वाण घ्या. जिनिंगमध्ये सरकीतून पतंग निघतात, तिथेही सापळे लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिसेंबरअखेर पीक काढून टाका, फरदड घेऊ नका. एकूण एक सूचना बरोबर आहे. सामूहिकपणे करा, असंही खाली ठळक लिहिलेलं असतं.

पण सामूहिकपणे म्हणजे कोणी? २०१७ ला आमच्या भागातल्या कृषी सहायकाकडे इतकी गावं होती की तो आठवड्याला एका गावात दिसला तरी भाग्य. फरदडीचंच घ्या. पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत आणखी दोनचार क्विंटल निघतात. त्या पैशावर दादाच्या मुलीची फी भरलेली आहे, मला माहीत आहे, मीच भरायला गेले होते. त्या उशिरा राहिलेल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत झोपून राहते, हे दादालाही माहीत आहे. फरदड सोडली तर गावाचं भलं, आणि फी? ती कुणी भरायची, याबद्दल पत्रकात ओळ नसते.

पऱ्हाट्यांचंही तसंच. पीक संपल्यावर वाळकी झाडं उपटून धुऱ्यावर, अंगणात रचतात. अळी त्यांच्यावर राहिलेल्या कवड्यांमध्ये दबा धरून बसते. पत्रक म्हणतं, पऱ्हाट्या रचून ठेवू नका. वहिनी म्हणते, मग पावसाळ्यात चूल कशावर पेटवू? गॅस आहे घरात, पण सिलिंडर जपून वापरायचा असतो. आणि इथे मला पुन्हा अडेनवाला रोड आठवतो. कारण आमच्या माटुंग्याच्या त्या संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलं, जळणाच्या कांड्या करून दाखवल्या, त्यावर अळिंबी वाढवून दाखवली. आपल्या ऑफिसातलं टेबल पऱ्हाटीचं असू शकतं. पऱ्हाटीला भाव मिळाला, जानेवारीत गावात ट्रक आला, तर कुणालाही भाषण न देता शेतं साफ होतील. तंत्र तयार आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. ट्रक नाही. काही ठिकाणी असेल, आमच्या गावात मी अजून पाहिलेला नाही.

मग वांगंवाल्या बाईंनी ऑरगॅनिक घेऊ नये का? घ्यावं की. मीही घेते. जो शेतकरी ते पिकवतो त्याला चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण त्या शिक्क्याने फार तर एवढंच कळतं की या एका शेतात विष पडलं नाही. बाजूच्या शेतात पडलं का, मारणाऱ्याचे डोळे शाबूत आहेत का, हे शिक्का सांगत नाही. ट्रायकोग्रामाला शिक्का वाचता येत नाही, धुरा ओलांडला की ती मरते. आणि कापूस तर कुणी खातही नाही, त्यामुळे त्या दुकानात त्याची कुणाला काळजीच नाही. (सरकीची पेंड म्हशी खातात आणि तिचं दूध आपण पितो, हे जाता जाता. उद्या त्या दुकानात ऑरगॅनिक पेंडही येईल.) मला राग विकत घेण्याचा नाही, विकत घेतलं की आपलं काम संपलं या समजुतीचा आहे. सुटे पैसे परत घेताना चेहऱ्यावर येतो ना, तो भाव.

आपण मुंबईकर जर कराच्या पैशातून विहिरीत मासे सोडून घेतो, तर त्याच पैशातून तालुक्याला एक मित्रकीटकांची प्रयोगशाळा, तिच्यात पगारी माणसं, एक गार डबा असलेली गाडी आणि गावागणिक पतंग मोजणारा एक पोरगा एवढं मागायला काय हरकत आहे? सगळ्या गावाने एकाच आठवड्यात कार्डं लावायची, त्या आठवड्यात कुणी फवारायचं नाही, आणि थांबल्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरून द्यायचं. फरदड सोडणाऱ्याला तिचे पैसे. कर्जमाफी द्यायला निघतात त्या रकमांपुढे हे चणे-फुटाणे आहेत. पण कर्जमाफीची घोषणा होते, तिला टाळ्या पडतात. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीच्या उद्घाटनाला मंत्री कसा येणार, फोटोत काय दिसणार?

या जानेवारीत घरी गेले होते. दादाने यंदा डिसेंबरातच कापूस मोडला, हरभरा पेरला. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची फरदड उभी होती. दोघं एकाच बाजेवर बसून चहा पीत होते, त्यावर काही बोलत नव्हते. मी सालदाराला आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली, मलेरियावाल्याची, माशांची. त्याला फार मजा वाटली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाला, "ते मासे सरकारचेच काय? फुकट?" म्हटलं, हो, फुकट. "अन् सोडाले माणूसबी तेच धाडते?" म्हटलं, हो.

"बाप्पा," म्हणाला, आणि पऱ्हाट्यांची मोळी उचलून वहिनीच्या चुलीकडे निघाला.